थेंब लागू पडतोय की नाही? काचबिंदूच्या औषधाची पारख कशी करावी

आईच्या उजव्या डोळ्यातला दाब २६ आणि डाव्यातला २४ निघाला (हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), तेव्हा डॉक्टरांनी रात्री एकदा घालायचे लॅटॅनोप्रोस्टचे थेंब दिले. पाच आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. रीडिंग आलं २५ आणि २३. आता औषध बदलणार किंवा दुसरी बाटली वाढणार असं मी धरूनच चालले होते. डॉक्टरांनी टेबलावरची साध्या अश्रूंच्या थेंबांची बाटली आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "माई, घरी घालता तसाच एक थेंब घालून दाखवा बघू." आईनं मान जराशी वर केली, बाटली दाबली आणि त्याच क्षणी डोळा मिटला. थेंब पापणीच्या केसांवर पडला, तिथं क्षणभर लोंबला आणि गालावरून ओघळून गेला. आईनं पदरानं गाल पुसला आणि म्हणाली, "झालं."

पाच आठवडे तिच्या डोळ्यात औषध जवळपास गेलंच नव्हतं, आणि आम्ही औषधाला दोष द्यायला निघालो होतो. थेंब घालायची पद्धत सुधारल्यावर सहा आठवड्यांनी त्याच औषधावर रीडिंग १८ आणि १७ आलं.

गोव्यात फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात ओळखीच्यांकडे मी हेच पाहत आलेय. थेंब सुरू होतात, एक रीडिंग होतं, "हे औषध आईला चालत नाही" असा शिक्का बसतो आणि बाटल्या वाढत जातात. डोळ्यातला दाब वाढलेला कळत नाही आणि उतरलेलाही कळत नाही. त्यामुळे "बरं वाटतंय" किंवा "काही फरक नाही" यावरून औषधाची परीक्षा होत नाही. ती मोजूनच करावी लागते आणि त्यातलं निम्मं काम घरी होतं. औषध सुरू करणं, बंद करणं, बदलणं डॉक्टरांच्याच हातात राहू द्या. खाली लिहिलंय ते त्यांच्यापुढे खरी माहिती कशी न्यायची याबद्दल.

आधी दाब म्हणजे काय ते

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा पातळ द्रव सतत तयार होतो, मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. तो बुबुळाच्या कडेच्या कोनातल्या जाळीतून बाहेर जातो. आपल्याकडची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. बांधाला मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप असते, तिच्या दारांतून पाणी जातं-येतं. दारं अडली की पाणी शेतात तुंबतं. डोळ्यात द्रव तुंबला की दाब वाढतो आणि मागची दृष्टीची नस हळूहळू मरते, हाच काचबिंदू. मेलेली नस परत येत नाही.

टिमोलॉल, डॉर्झोलामाइड ही औषधं आत येणारं पाणी कमी करतात. लॅटॅनोप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट बाहेर जायची बाजूची वाट मोकळी करतात. ब्रिमोनिडिन थोडं दोन्ही करतं. एकाच जातीची दोन औषधं एकत्र देण्यात अर्थ नसतो, तो याचमुळे.

पायरी १ : औषधाआधीचं रीडिंग पक्कं करा

सुरुवातीचा आकडाच कच्चा असेल तर पुढची सगळी तुलना कच्ची. दिवसभरात दाब वरखाली होतो. निरोगी डोळ्यातही काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि काचबिंदूच्या डोळ्यात त्याहून जास्त. बऱ्याच जणांचा दाब पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतो. पहिलं रीडिंग बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या सकाळच्या ओपीडीत आणि दुसरं गावातल्या दवाखान्यात संध्याकाळी सातला घेतलं, तर मधला फरक औषधाचा की वेळेचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. दाब फार जास्त नसेल आणि डॉक्टरांना घाई वाटत नसेल, तर औषधाआधी वेगवेगळ्या दिवशी निदान दोन रीडिंग्ज घेता येतील का, ते विचारा.

यंत्र कोणतं तेही लिहून घ्या. डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या दिव्यात, बुबुळाला टोक टेकवून मोजतात ते गोल्डमन टोनोमीटर. निर्णयासाठी डॉक्टर मुख्यतः यावरच विसंबतात. हवेचा फुत्कार सोडणारं यंत्र शिबिरात किंवा चष्म्याच्या दुकानात चाळणीसाठी ठीक आहे, पण पहिलं रीडिंग हवेच्या यंत्राचं आणि दुसरं गोल्डमनचं अशी तुलना करू नका.

मोजताना श्वास रोखला, डोळा घट्ट आवळला किंवा शर्टाची वरची गुंडी गळ्याला काचत असली तर आकडा वाढतो. निघताना तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्यानंही थोड्या वेळापुरता दाब चढतो. उन्हातून बसनं गेलेला माणूस नेमकं तेच करतो. पाणी प्या, पण घोट-घोट.

सुरुवातीलाच आणखी तीन गोष्टी झाल्यात ना, ते बघा. एक, कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी. ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. कॉर्निया पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं आणि माणूस गाफील राहतो. दोन, गोनिओस्कोपी, म्हणजे आरशाची भिंग टेकवून कोन उघडा आहे की मिटलेला ते पाहणं. आपल्या देशात कोन मिटल्यानं होणारा काचबिंदू कमी नाही आणि तिथं आधी लेझर करावं लागू शकतं. तीन, फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा आवाका तपासणं, आणि ओसीटी, म्हणजे नसेचा स्कॅन. पुढच्या सगळ्या वर्षांची तुलना याच कागदांशी होणार आहे, तेव्हा ते पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी ठेवा.

पायरी २ : किती उतरला म्हणजे उतरला?

"नॉर्मल २१ पर्यंत" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण तुमच्या डोळ्यासाठी ते पुरेसं नाही. नस किती खराब झालीय, वय किती, कॉर्निया कशी, यावरून डॉक्टर प्रत्येकासाठी वेगळा आकडा ठरवतात. त्याला टार्गेट प्रेशर म्हणतात. "आमचं टार्गेट किती?" असं स्पष्ट विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

साधारण अपेक्षा अशी : लॅटॅनोप्रोस्टच्या जातीची औषधं सुरुवातीच्या दाबाच्या २५ ते ३३ टक्के उतरवतात, टिमोलॉल आणि ब्रिमोनिडिन २० ते २५ टक्के, डॉर्झोलामाइड १५ ते २० टक्के. आईच्या उजव्या डोळ्याचे २६ होते. त्याचे २५ टक्के म्हणजे साडेसहा. म्हणजे १९-२० पर्यंत तरी यायला हवं होतं. २५ ही घट म्हणता येत नाही. एकाच डोळ्याचं रीडिंग दोन वेळा घेतलं तरी २-३ चा फरक सहज पडतो. उलट २६ वरून एकदा १७ आलं म्हणून आनंदून जाणंही घाईचं, आणखी एका रीडिंगनं ते पक्कं व्हायला हवं.

या एकेका मिलिमीटरची किंमत मोठी आहे. स्वीडनमधल्या २५५ रुग्णांच्या अभ्यासात दाबातली प्रत्येक १ मिलिमीटरची घट काचबिंदू पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी करणारी ठरली. अमेरिकेत १,६३६ जणांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब वाढलेला, पण अजून काचबिंदू नसलेले लोक घेतले होते. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना.

पायरी ३ : एका डोळ्याची परीक्षा

काही डॉक्टर सुरुवातीला एकाच डोळ्यात थेंब घालायला सांगतात. घरच्यांना वाटतं, दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष झालं. तसं नसतं. दुसरा डोळा तुलनेला ठेवलेला असतो.

समजा, उजवा २६ आणि डावा २४ होता. फक्त उजव्यात थेंब घातला. महिन्यानं उजवा १८ आणि डावा २२. उजव्यात ८ उतरले, पण औषधाविना डाव्यातही २ उतरलेत, म्हणजे ते २ त्या दिवसाच्या चढउताराचे असणार. औषधाचा वाटा धरायचा ६.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. टिमोलॉल रक्तातून दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोचतं आणि तिथलाही दाब थोडा उतरवतं, मग तुलना फसते. दोन डोळे नेहमी एकसारखे वरखाली होत नाहीत. दाब फार जास्त असेल किंवा दोन्ही नसा खराब असतील, तर दुसरा डोळा तसाच ठेवणं योग्य नाही. म्हणून हे डॉक्टरांनी सांगितलं तरच करायचं. आणि सांगितलं असेल तर "दोन्हीत घालूया, काय बिघडतं" असं मनानं करू नका. त्यानं परीक्षा मोडते.

पायरी ४ : थेंब आत गेला पाहिजे

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं सावकाश वाचा.

हात धुवा. आई आता सोप्यावर आडवी होते. बसून मान मागे टाकली तरी चालते, पण मान दुखणाऱ्यांना आडवं होणं बरं. डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी हलकेच खाली ओढा, आत लाल ओलसर खळगा दिसतो. थेंब त्या खळग्यात टाकायचा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की झोंबतो आणि डोळा आपोआप मिटतो. नजर वर, छताच्या वाशाकडे. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा, म्हणजे हात थरथरत नाही. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लागता कामा नये. लागलं तर जंतू बाटलीत जातात.

एकच थेंब. खळग्यात जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावतं आणि बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब गालावरच जाणार. "नक्की गेला का" अशी शंका असेल तरच पुन्हा घाला.

मग डोळा अलगद मिटा, आवळू नका, पटपट उघडझाप करू नका. नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. ती दाबली की औषध डोळ्यात टिकतं आणि रक्तात कमी जातं. टिमोलॉल घालणाऱ्यांनी हे कधीच चुकवू नये. दुसऱ्या बाटलीचा थेंब निदान पाच मिनिटांनी घाला, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. ब्रिन्झोलामाइडसारखी दुधाळ बाटली आधी हलवून घ्या.

डोळा उघडा ठेवणं जमतच नसेल, तर आडवं होऊन डोळे मिटा, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवा, मग डोळा उघडा. थेंब आत सरकतो. आणखी एक युक्ती आम्हाला फार उपयोगी पडली : फ्रिजमधली गार बाटली. गार थेंब नेमका कुठं पडला ते आईला जाणवतं. पहिला आठवडाभर साध्या अश्रूंच्या थेंबांवर सराव करा आणि घरच्या कोणीतरी समोर बसून पाहा.

पायरी ५ : वेळ, बाटली आणि वही

रात्रीच्या थेंबाला एखादी ठरलेली गोष्ट जोडा. आम्ही देवापुढचा दिवा लावायच्या वेळेला जोडून पाहिलं, पण चवथीला आणि जत्रेला ते मोडायचं. जेवणानंतरच्या बीपीच्या गोळीला जोडल्यावर टिकलं. लॅटॅनोप्रोस्ट दिवसातून एकदाच घालायचं असतं. जास्त वेळा घातलं तर त्याचा परिणाम उलट कमी होऊ शकतो. चुकलेल्या थेंबाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून करू नका.

बाटलीसुद्धा खरं बोलते. लॅटॅनोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत अंदाजे ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक म्हणजे महिन्याला ६०. पंधरा दिवसांत संपली तर थेंब वाया जातायत. दोन महिने पुरली तर दिवस चुकतायत. उघडल्याची तारीख बाटलीवर पेननं लिहा आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर, साधारण महिन्यानं, थोडं शिल्लक असलं तरी टाकून द्या.

गोव्यातल्या उकाड्याचा इथं थेट संबंध येतो. लॅटॅनोप्रोस्टच्या बहुतेक न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि उघडलेल्या २५ अंशांच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये २५ अंश घरात सापडत नाहीत. उघडलेली बाटलीही फ्रिजमध्येच ठेवा, फ्रीझरमध्ये नको. फार्मसीतून घेतलेली बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजार करत बसू नका. बाहेर ठेवता येणाऱ्या बाटल्याही मिळतात, तेव्हा वेष्टन वाचा.

वहीत रकाने थोडेच ठेवा : तारीख, थेंबाची वेळ, घातला की चुकला, काही त्रास. दवाखान्याच्या दिवशी यंत्र, मोजण्याची वेळ, दोन्ही आकडे आणि शेवटचा थेंब किती तासांपूर्वी घातला ते. चुकलेले दिवस लपवू नका. पुष्कळ जण तपासणी जवळ आली की आठवडाभर नेमानं थेंब घालतात. रीडिंग छान येतं, डॉक्टरांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि मधले दोन महिने नस झिजत राहते.

पायरी ६ : पुन्हा कधी मोजायचं

लॅटॅनोप्रोस्टचा परिणाम तीन-चार तासांत सुरू होतो, ८ ते १२ तासांत शिगेला पोचतो, पण पूर्ण घट दिसायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी, पहिलं रीडिंग घेतलं त्याच वेळेला, त्याच यंत्रावर मोजून घ्या. ब्रिमोनिडिनचा जोर दोन तासांनी सर्वांत जास्त असतो आणि बारा तासांनी ओसरतो, म्हणून थेंब कधी घातला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तपासणीच्या दिवशी औषध नेहमीसारखंच घालून जा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

जुन्या औषधाचा परिणाम लगेच जात नाही. लॅटॅनोप्रोस्ट आणि टिमोलॉलचा चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त टिकतो. नव्या औषधाचं पहिल्या आठवड्यातलं यश जुन्याचंही असू शकतं.

पायरी ७ : हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टी

सगळ्यात मोठी गोष्ट स्टेरॉइड. माझ्या चुलत भावाच्या मुलाला डोळे खाजायचे. एका फार्मसीतून चिठ्ठीशिवाय थेंब मिळाले, लाली दोन दिवसांत गेली, मग ते महिनोन्‌महिने चालू राहिले. त्यात डेक्सामेथासोन होतं. दाब ३० च्या पुढे गेल्यावर आम्हाला कळलं. डोळ्यांचे थेंब, पापणीवरचं मलम, दम्याचा पंप, गोळ्या, सांध्यातलं इंजेक्शन, काहीही स्टेरॉइडचं असेल तर डॉक्टरांना सांगा. घरातल्या सगळ्या बाटल्या, ट्यूबा पिशवीत घालून न्या, नावं तेच वाचतील. बीपीची अटेनोलॉलसारखी गोळीही डोळ्याचा दाब थोडा उतरवते, म्हणून गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा सोबत हवी. शीर्षासनानं त्या वेळेपुरता दाब दुपटीपर्यंत जातो. योग करणाऱ्यांनी ते आसन सोडावं.

पायरी ८ : त्रासही मोजा

दाब उतरला पण माणसाला औषध सोसवत नाही, तर ते औषध लागू पडलं असं मी म्हणणार नाही. टिमोलॉल दमेकऱ्यांना आणि ज्यांची नाडी मंद आहे त्यांना धोक्याचं आहे. आमचे एक काका भजनाला बसायचे. टिमोलॉल सुरू झाल्यावर त्यांचा अभंगाच्या मध्येच श्वास तुटायला लागला आणि घरच्यांनी ते वयावर ढकललं. डोळ्याच्या थेंबानं छातीला काय होणार, हा विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही. थेंब बदलल्यावर काका पुन्हा पूर्ण अभंग म्हणू लागले.

लॅटॅनोप्रोस्टनं सुरुवातीला डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवती काळेपणा येऊ शकतो. घाबरून बंद करू नका, सांगा. ब्रिमोनिडिननं तोंड कोरडं पडतं, झोप येते, काही महिन्यांनी खाज सुटू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला ते कधीच नको. डॉर्झोलामाइड झोंबतं आणि तोंड कडू होतं.

एकाएकी डोळा खूप दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, उलटी झाली, नजर धुरकट झाली, तर वहीत लिहीत बसू नका. ताबडतोब जवळच्या इस्पितळात किंवा बांबोळीला न्या, वाहन नसेल तर १०८.

पायरी ९ : तरीही उतरला नाही तर

मग क्रमानं तपासा : थेंब आत जातोय का, दिवस चुकतायत का, बाटली तापली किंवा जुनी झाली का, मोजण्याची वेळ आणि यंत्र तेच होतं का. हे सगळं ठीक असूनही दाब हलला नाही, तर ते औषध त्या डोळ्यावर चालत नाही असं मानता येतं. अशा वेळी "यावर दुसरं वाढवण्याऐवजी हे बदलून पाहता येईल का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. न चालणारी बाटली चालू ठेवून तिच्यावर दुसरी चढवली, तर खर्च आणि त्रास दोन्ही वाढतात. थेंब जमतच नसतील तर एसएलटी लेझरबद्दल, म्हणजे द्रव बाहेर जाण्याच्या जाळीवर करायच्या लेझरबद्दल विचारा. ब्रिटनमधल्या ७१८ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना तीन वर्षांनी थेंबांची गरज नव्हती.

पायरी १० : शेवटी नजर टिकतेय का

आकडा उतरवायचा तो नजर वाचवण्यासाठी. म्हणून वर्षाकाठी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, फील्ड टेस्ट करायचीच. पहिली टेस्ट बहुधा बिघडते, कारण बटण कधी दाबायचं ते उमगत नाही. सकाळी ताजेतवाने असताना करा, मधे थांबायचं असेल तर सांगा. ब्रिटनमध्ये ५१६ रुग्णांवर लॅटॅनोप्रोस्ट आणि औषध नसलेले थेंब अशी तुलना झाली. दोन वर्षांत औषध नसलेल्यांपैकी २५.६ टक्क्यांचं फील्ड खालावलं, लॅटॅनोप्रोस्ट घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्क्यांचं. या आकड्यांत दुसरी बाजूही आहे : औषध घेऊनही काहींचं खालावलंच. दाब १७ आहे म्हणून फील्ड टाळू नका.

नव्या थेंबाच्या चाचणीत भाग घ्याल का, असं कोणी विचारलं तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे का ते पाहा. संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागा, घरी आणून वाचा. चाचणी कधीही सोडायचा हक्क तुमचा असतो आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

आणि घरात एकाला काचबिंदू असेल तर सख्खी भावंडं आणि मुलं यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तपासणीत कोणी विचारेपर्यंत थांबू नका. भाऊ चवथीला मुंबईहून आला तेव्हा आरतीनंतरच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं जाऊन आलो. त्याचे १५ आणि १६, माझे १८ आणि १९, कॉर्निया जरा पातळ, वर्षानं पुन्हा बोलावलंय. आईच्या वहीचं शेवटचं पान आता आमच्या नावाचं आहे.